केशवराव कोरटकर कोण होते? निजामाच्या कोर्टातला मराठी वकील

आजचा जालना जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८८४ मध्ये तिथे फारसीऐवजी उर्दू ही कोर्टकचेरीची भाषा झाली. शेतकरी जमिनीची तक्रार मराठीत सांगे, दिवाणी दाव्याचा निकाल मात्र उर्दूत येई. वाचून दाखवणारा नसला, तर आपण जिंकलो की हरलो हेही त्याला कळत नसे. त्यामुळे वकिलाला कायद्याइतक्याच भाषाही याव्या लागत.

अशा वकिलांतले मोठे नाव म्हणजे केशवराव कोरटकर (१८६७-१९३२). वसमत तालुक्यातील पुरजळचे केशवराव गुलबर्ग्यात शिकले, हैदराबादेत नावारूपाला आले आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी या शाळांच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. त्यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये हैदराबादेत केशव स्मारक शाळा सुरू झाली.