पंडिता रमाबाई : धड्याच्या पुढची गोष्ट

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात पंडिता रमाबाईंच्या वाट्याला दोन-तीनच ओळी होत्या. शारदा सदन एवढे लिहिले की गुण मिळत. शाळेत माझी ओळख हुशार मुलगी अशी होती आणि इंजिनिअर झाल्यावरही मी तिच्यावरच विसंबून राहिले. चाळिशीत रमाबाईंचे चरित्र वाचले, तेव्हा धड्याच्या पुढची गोष्ट कळली. स्मरणिकेसाठी तीच लिहिते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाला. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावासोबत देशभर पायी हिंडल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच पती वारले. पदरी तान्ही मनोरमा.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथेही त्या माणसांपुढे वाकल्या नाहीत. पटल्याशिवाय कोणाही मिशनऱ्याचे मत त्यांनी मानले नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांना उमगले, की धर्म आपण बुद्धीने स्वीकारला, पण ख्रिस्त अजून भेटलेला नाही. एवढ्या विदुषीने स्वतःविषयी हे कबूल करावे, इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या. १९०० पर्यंत मुक्ती सदनात सुमारे दीड हजार जणी होत्या. अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते, ती मुदतही संपली होती. उद्याच्या धान्यासाठी देवापुढे हात जोडायचे आणि आज विहीर, शेत, माग, छापखाना यांत राबायचे, असा त्यांचा क्रम होता. देवावर भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हे मला केडगावने शिकवले.

शेवटचे मोठे काम बायबलच्या मराठी भाषांतराचे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पण ज्या संस्कृतने त्यांना पदव्या मिळवून दिल्या, तेच जड शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. खेड्यातल्या, नुकतीच अक्षरे जुळवणाऱ्या बाईला कळेल तीच मराठी त्यांनी घेतली. खिळे जुळवले, पाने छापली तीही मुक्तीतल्या बायकांनीच. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ते हातावेगळे करून थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या.

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे, असे मी समजत होते. रमाबाईंनी आपली विद्या कधी कमी लेखली नाही. ती देवाची देणगी मानली आणि सगळ्यांत मागे राहिलेल्या बाईच्या हाती दिली. आता परीक्षा नाही, पण त्या प्रश्नाचे उत्तर आज मी असे लिहीन.