मॉन्सिन्योर ओफ्लाहर्टी आणि त्यांचा वैरी

मॉन्सिन्योर ह्यू ओफ्लाहर्टी यांचा जन्म १८९८ साली आयर्लंडमध्ये झाला. १९२५ साली त्यांना याजकीय दीक्षा मिळाली. पुढे ते व्हॅटिकनमध्ये सेवा करू लागले. (गोल्फही ते उत्तम खेळत!)

सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मनांनी रोम ताब्यात घेतले. मॉन्सिन्योरांनी निसटलेल्या युद्धकैद्यांना आणि ज्यूंना मठांत, भाविकांच्या घरांत लपवले. त्यांच्या गटाने सुमारे ६,५०० जीव वाचवले असे मानतात. त्यांच्या मागावर होता नाझी पोलीसप्रमुख हर्बर्ट कॅप्लर. त्याने रोमच्या ज्यूंकडून ५० किलो सोने उकळले. तरीही १६ ऑक्टोबर रोजी त्यांची धरपकड झालीच. हजाराहून अधिक जणांना ऑशवित्झला पाठवले. परतले अवघे सोळा. मार्च १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात ३३ जर्मन मेले, तेव्हा कॅप्लरने दुसऱ्याच दिवशी आर्दियातीनच्या गुहांत ३३५ जणांना गोळ्या घातल्या. त्यांत फादर पिएत्रो पाप्पागाल्लो हेही होते.

१९४८ साली कॅप्लरला जन्मठेप झाली. तुरुंगात त्याला भेटायला मॉन्सिन्योर वर्षानुवर्षे जात राहिले. १९५९ साली त्यांनीच त्याला कॅथलिक श्रद्धेत घेतले.

त्या ३३५ कुटुंबांच्या वतीने क्षमा करण्याचा हक्क अर्थातच त्यांना नव्हता. आपल्या जिवावर उठलेल्याला मात्र ते क्षमा करू शकत होते, आणि ती त्यांनी केली. शिक्षा तशीच राहिली.

मॉन्सिन्योर १९६३ साली मायदेशी देवाघरी गेले. कॅप्लर १९७७ साली रोमच्या इस्पितळातून जर्मनीला पळाला, तेव्हा सारी इटली संतापली.