गुरु गोविंदसिंग आणि एका आडनांवाची कथा

आपल्या महाराष्ट्रांत मनुष्याचें आडनांव कळलें कीं त्याची अर्धी हकीकत कळल्यासारखीच असते. शेवटीं ‘कर’ असला तर पूर्वजांचें गांव समजतें. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, पाटील हीं आडनांवें वतन सांगतात. सुतार, लोहार, कुंभार, परीट हीं धंदा सांगतात. वर्गांत हजेरी घेणाऱ्या शिक्षकास ही गोष्ट नित्याच्या अनुभवाची आहे, आणि हजेरी ऐकणाऱ्या मुलांसही आहे. नव्या मुलाचें नांव ऐकून कोणी मान वर करीत नाहीं. आडनांव उच्चारलें कीं मात्र चार माना वळतात. एके काळीं तर त्यानें कोठें बसावें आणि पाणी कोणत्या भांड्यानें प्यावें हें त्या क्षणींच ठरून जाई. आज तें उघडपणें होत नाहीं, इतकेंच.

अशा या मुलखांत, नांदेड येथें गोदावरीच्या कांठीं, इ. स. १७०८ सालीं एका अशा पुरुषाचें देहावसान झालें कीं ज्यानें आपल्या अनुयायांचीं जुनीं आडनांवें बाजूस सारून सर्वांस एकच नांव दिलें, आणि तें स्वतःही धारण केलें. ते शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंग होत. नांदेडच्या सचखंड हुजूरसाहेब गुरुद्वाराचा सोनेरी कळस आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला आहे. निळे, केशरी फेटे बांधलेले यात्रेकरू स्टेशनावर उतरतांनाही आपण पाहतों. आणि त्यांच्यापैकीं कोणा पुरुषास नांव विचारलें तर त्यांत ‘सिंग’ हा शब्द यावयाचाच, हें आपणांस ठाऊक असतें. तो शब्द त्यांच्याकडे कसा आला व त्यासाठीं काय किंमत द्यावी लागली, तें येथें सांगावयाचें आहे.

शिखांचे गुरु एकंदर दहा झाले. पहिले गुरु नानक (१४६९–१५३९) हे जातीनें खत्री, कुळानें बेदी. दुसरे अंगद हे त्रेहन, तिसरे अमरदास हे भल्ला, आणि चौथ्या रामदासांपासून दहाव्यापर्यंतचे सातही गुरु सोढी. म्हणजे दहा गुरूंत कुळनांवें चार, पण जात एकच. जातिभेद व्यर्थ आहे ही शिकवण नानकांपासून चालत आलेली होती. लंगरांत राजा आणि रंक एका पंक्तीस बसत. शिखांच्या धर्मग्रंथांत चर्मकार रविदासांचीं पदें आहेत, विणकर कबीरांचीं आहेत, आणि आमच्या नामदेव शिंप्याचीं एकसष्ट आहेत. ज्या नरसी गांवाशीं नामदेवांचें नांव जोडलें जातें तें हिंगोली जिल्ह्यांत, नांदेडच्या शेजारींच आहे. तथापि जेवण आटोपलें कीं पंक्तींतून उठलेला मनुष्य आपल्या जुन्या नांवानिशीं आपल्या जुन्या आळींत परत जाई.

गोविंदराय यांचा जन्म १६६६ च्या डिसेंबरांत पाटणा येथें झाला. वडील नववे गुरु तेगबहादुर; आई माता गुजरी. बालपणाचीं पहिलीं वर्षें पाटण्यास गेलीं, नंतर कुटुंब पंजाबांत, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशीं असलेल्या आनंदपुरास आलें. १६७५ च्या नोव्हेंबरांत औरंगजेबाच्या आज्ञेनें गुरु तेगबहादुर यांचा दिल्लीच्या चांदणी चौकांत शिरच्छेद झाला. मुलगा तेव्हां पुरा नऊ वर्षांचाही नव्हता. शीख परंपरा सांगते कीं, भर चौकांत पडलेल्या त्या देहास हात लावण्यास कोणी धजेना. शेवटीं जैता नांवाच्या, झाडूवाल्यांच्या जातींत जन्मलेल्या एका मनुष्यानें तें शिर फडक्यांत गुंडाळिलें आणि सुमारें दोनशें मैलांची वाट तुडवून आनंदपुरास पोंचविलें. धड उचललें तें लखीशाह वणजारा नांवाच्या व्यापाऱ्यानें. चितेचा धूर पाहून कोणास संशय येऊं नये म्हणून त्यानें तें आपल्या घरांत ठेविलें आणि सबंध घरासच आग लाविली. आपल्या जिल्ह्यांतील तांड्यांवर ज्या समाजाची वस्ती आहे त्याच बंजारा समाजाचा हा पुरुष. बापाच्या देहास अखेरच्या वेळीं कोणाचे हात लागले आणि कोणाचे लागले नाहींत, हें त्या मुलाला कळलें होतें. पुढें त्यानें जें केलें त्याचें मूळ येथें आहे असें मला वाटतें.

मधल्या वर्षांची हकीकत थोडक्यांत सांगतों. गोविंदराय ब्रज, पंजाबी व फारसी या भाषा शिकले, स्वतः कविता करूं लागले; १६८५ च्या सुमारास यमुनेच्या कांठीं पांवटा येथें राहावयास गेले व तेथें कवींचा मोठा मेळावा त्यांनीं आपल्या आश्रयास ठेविला. १६८८ सालीं डोंगरी राजांशीं त्यांची भंगाणी येथें लढाई झाली. तींत बुद्धूशाह नांवाचा एक मुसलमान पीर आपल्या मुलांसह गुरूंच्या बाजूनें लढला. लढाईनंतर ते आनंदपुरास परतले.

१६९९ सालच्या वैशाखीच्या सणास गुरूंनीं सर्व अनुयायांस आनंदपुरास बोलाविलें. मोठा समुदाय जमला. परंपरेनें जतन केलेली हकीकत अशी कीं, गुरु नागवी तरवार घेऊन सभेपुढें उभे राहिले आणि धर्मासाठीं एका मस्तकाची त्यांनीं मागणी केली. सभा स्तब्ध झाली. तिसऱ्यांदा मागणी होतांच लाहोरचा दयाराम उठला. गुरु त्यास तंबूंत घेऊन गेले व रक्तानें माखलेली तरवार हातीं घेऊन एकटेच बाहेर आले. पुन्हां तीच मागणी. लोक पळूं लागले. पण एकामागून एक आणखी चौघे उठले. शेवटीं पांचही जण नवीं वस्त्रें परिधान केलेले असे तंबूबाहेर जिवंत आले, तेव्हां जमावाच्या जिवांत जीव आला.

हे पांच कोण होते तें नीट पाहावें. दयाराम लाहोरचा खत्री. धर्मदास हस्तिनापूरचा जाट. हिंमतराय जगन्नाथपुरीचा पाणक्या. मोहकमचंद द्वारकेचा छिंबा, म्हणजे नामदेवांच्याच जातीचा. आणि साहिबचंद बिदरचा न्हावी. लातूर जिल्ह्याची शीव जेथें संपते तेथें बिदर जिल्हा सुरू होतो. उदगीर-देवणीकडच्या मुलांस तें बाजाराचें गांव. हिंदुस्थानच्या उत्तरेस, पूर्वेस, पश्चिमेस व दक्षिणेस असलेल्या मुलखांतील हीं माणसें. जुन्या व्यवहारानें पाहिलें तर पहिल्यानें पांचव्याच्या हातचें पाणी प्यावयाचें नाहीं.

आणि गुरूंनीं पाण्यासच हात घातला. लोखंडी भांड्यांत पाणी व बत्तासे घालून तें दुधारी खंड्यानें ढवळिलें आणि एकाच भांड्यांतून पांचांस पाजिलें. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांना केवढा झगडा करावा लागला हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस त्याच्या २२८ वर्षें अगोदर घडलेल्या या गोष्टीचें मोल निराळें सांगावयास नको. मग पांचांचीं नांवें बदललीं: दयासिंग, धर्मसिंग, हिंमतसिंग, मोहकमसिंग, साहिबसिंग. यानंतर गुरूंनीं जें केलें तें मला सर्वांत मोठें वाटतें. ते त्या पांचांपुढें हात जोडून उभे राहिले आणि तेंच पाणी त्यांच्या हातून त्यांनीं मागून घेतलें. गोविंदराय सोढी यांचे गोविंदसिंग झाले, ते एक खत्री, एक जाट, एक पाणक्या, एक शिंपी व एक न्हावी यांच्या हातून.

‘सिंग’ म्हणजे सिंह. हा शब्द गुरूंनीं नवा घडविला नाहीं. रजपूत राजे व सरदार तो पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नांवापुढें लावीत आले होते. ज्या नांवाचा अभिमान गढींत आणि राजवाड्यांत बाळगला जाई तें पखाल वाहणाऱ्याच्या नांवापुढें लागलें, यांतच सारा अर्थ आला. पित्याचें शिर आणणारा जैता जीवनसिंग झाला. स्त्रियांनीं ‘कौर’ हें नांव लावावें असाही पंथाचा प्रघात पडला. त्यामुळें बापाचें वा नवऱ्याचें आडनांव घेण्याची गरज उरली नाहीं. सर्वांस हें रुचलें असें मात्र नाहीं. डोंगरी राजे बिथरले. दिल्लीच्या कित्येक खत्री अनुयायांनींही, म्हणजे गुरूंच्याच जातीच्या लोकांनीं, कुळाचार सोडण्यास नकार दिला.

किंमत लौकरच द्यावी लागली. डोंगरी राजे व मोगल यांच्या फौजांनीं आनंदपुरास वेढा घातला, आणि सुरक्षित जाऊं देण्याचें वचन मिळाल्यावर १७०४ च्या डिसेंबरांत गुरूंनीं गांव सोडिलें. वचन पाळलें गेलें नाहीं. पूर आलेल्या सिरसा नदीपाशीं हल्ला झाला व कुटुंबाची ताटातूट झाली. चमकौर येथें मूठभर लोकांनिशीं झालेल्या लढाईंत थोरले पुत्र अजितसिंग व जुझारसिंग पडले. मोहकमसिंग, हिंमतसिंग व बिदरचा साहिबसिंग हेही तेथेंच पडले. धाकटे जोरावरसिंग व फत्तेसिंग, वयानें नऊ आणि सहा वर्षांच्या सुमाराचे, आजीसह पकडले जाऊन सरहिंदच्या वजीरखानापुढें उभे केले गेले. धर्म सोडण्यास ते कबूल होईनात, म्हणून त्यांस जिवंत भिंतींत चिणण्याची आज्ञा झाली. मालेरकोटल्याचा नबाब शेर महंमदखान हा शत्रुपक्षाचा सरदार. पण मुलांवर सूड उगविणें अधर्म आहे असें त्यानें भर दरबारांत सांगितलें. शीख लोक त्याचें नांव अजूनही कृतज्ञतेनें घेतात. मुलें वांचलीं नाहींत. माता गुजरीनेंही त्या कैदेंतच प्राण सोडिला. आठवड्याभरांत चार मुलगे आणि आई गेलीं.

यानंतर गुरूंनीं औरंगजेबास फारसी पद्यांत एक पत्र लिहिलें. तें ‘जफरनामा’ या नांवानें प्रसिद्ध आहे. बादशहा त्या वेळीं मराठ्यांशीं लढतां लढतां दख्खनेंत जर्जर झाला होता. पत्र घेऊन पांचांपैकीं उरलेले दोघे, दयासिंग व धर्मसिंग, अहमदनगरापर्यंत (आजचें अहिल्यानगर) आले. १७०७ च्या मार्चांत बादशहा तेथेंच वारला. गादीच्या लढ्यांत गुरूंनीं बहादुरशहाचा पक्ष घेतला; तो जिंकला आणि पुढें धाकटा भाऊ कामबक्ष याच्यावर हैदराबादेकडे चाल करून निघाला, तेव्हां गुरूही त्याच्या छावणीबरोबर दक्षिणेस आले. सरहिंदच्या अन्यायाची दाद बादशहाकडून मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाहीं. १७०८ च्या पावसाळ्यांत छावणी नांदेडास आली तेव्हां गुरु तेथें राहिले.

नांदेडास गोदावरीच्या कांठीं माधोदास नांवाच्या एका बैराग्याचा मठ होता. घरचें नांव टाकून एकदां बैरागी झालेल्या या मनुष्यास गुरूंच्या भेटीनंतर आणखी एक नांव मिळालें: बंदासिंग. गुरूंनीं त्यास पंजाबांत धाडिलें. १७१० सालीं त्यानें सरहिंद जिंकलें. वजीरखान लढाईंत पडला. बंदासिंगही १७१६ सालीं दिल्लींत हालहाल होऊन मारला गेला. पण तें पाहावयास गुरु राहिले नव्हते. नांदेडास एका पठाणानें विश्वासघातानें त्यांच्यावर कट्यारीचा वार केला. जखम शिवली होती, परंतु पुढें एक कठीण धनुष्य ओढतांना टांके तुटले, असें सांगतात. ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं त्यांचें देहावसान झालें. वय बेचाळीसच्या आंतच. मृत्यूपूर्वीं त्यांनीं कोणा मनुष्यास गुरुपद दिलें नाहीं. यापुढें ग्रंथच गुरु असें ठरविलें. सात गुरूंच्या गुरुपदाशीं जोडलेलें सोढी हें नांव तेथें संपलें; सिंग हें नांव मात्र रक्ताच्या नात्यावांचून पुढें गेलें.

तें किती दूर गेलें! पंजाबाचा महाराजा रणजितसिंग यानें १८३२ ते १८३७ या काळांत नांदेडचा गुरुद्वारा बांधविला. भगतसिंग १९३१ सालीं फांसावर चढला. साधु सुंदरसिंग याचा जन्म शीख घराण्यांतला. ख्रिस्ताचा स्वीकार केल्यावर घरच्यांनीं त्यास टाकिलें आणि १९०५ सालीं सिमल्यास त्यानें बाप्तिस्मा घेतला, पण सिंग हें नांव टाकिलें नाहीं, आणि १९२९ सालीं तिबेटच्या वाटेवर दिसेनासा होईपर्यंत तो त्याच नांवानें ओळखला गेला.

पण एक गोष्ट लपवून ठेवणें योग्य नव्हे. ज्या आडनांवानें जात पुसावयाची होती तें आज पुष्कळ ठिकाणीं मधलें नांव होऊन बसलें आहे. त्याच्यामागें सोढी, बेदी, गिल, सिद्धू, अहलुवालिया हीं कुळनांवें पुन्हां येऊन उभीं राहिलीं आहेत. पंजाबांतल्या कित्येक खेड्यांत निरनिराळ्या जातींचे गुरुद्वारे निरनिराळे आहेत. आम्हां ख्रिस्ती लोकांतही आडनांवावरून पूर्वजांची जात हुडकणारे थोडे नाहींत. तेव्हां शिखांस बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

गुरूंबरोबर नांदेडास आलेल्या मंडळींत माई भागो नांवाची एक स्त्री होती. आनंदपूरचा वेढा असह्य होऊन घरीं परतलेल्या चाळीस शिखांस लाज वाटावयास लावून तिनें परत लढाईवर आणिलें व १७०५ सालीं मुक्तसर येथें ती स्वतःही लढली. ते चाळीसही कामास आले. दीक्षा घेऊन ती भागकौर झाली. गुरूंच्या मागें ती पंजाबांत परत गेली नाहीं. साहिबसिंगाच्या मुलखांत, बिदरजवळ जनवाडा येथें येऊन राहिली आणि तेथेंच म्हातारपणीं वारली. तिच्या नांवाचा गुरुद्वारा त्या गांवीं आहे, आणि नांदेडास आलेले कित्येक यात्रेकरू तेथें जाऊन मगच पंजाबची गाडी धरितात.