डॉन बॉस्को : हाताला काम शिकवणारे गुरुजी



मुंबईतल्या नावाजलेल्या शाळांची चर्चा निघाली की माटुंग्याच्या डॉन बॉस्को हायस्कूलचं नाव येतंच. आपल्या खोपोलीहून घाट चढून लोणावळ्याला गेलं तरी तिथे त्याच नावाची शाळा आहे. मुलांना 'डॉन' म्हटलं की सिनेमातला डॉन आठवतो! पण इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी आदराने 'डॉन' लावतात, आपण नावापुढे 'गुरुजी' लावतो तसं. या माणसाचं नाव जोव्हान्नी बॉस्को. ज्यांच्या नावाच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक धडपडतात, ते स्वतः मात्र शाळेबाहेर राहिलेल्या पोरांच्या मागे आयुष्यभर फिरले.

जन्म १६ ऑगस्ट १८१५ चा, उत्तर इटलीतल्या तुरिन शहराजवळच्या बेक्की नावाच्या वाडीतला. घरची थोडीशी शेती. वडील न्यूमोनियाने गेले तेव्हा जोव्हान्नी दोन वर्षांचाही नव्हता. आई मार्गारेता निरक्षर, पण खंबीर. थोरल्या सावत्र भावाला, अंतोनियोला, या पोराच्या हातात पुस्तक दिसलं की राग यायचा. शेतकऱ्याच्या घरात हे असले लाड कशाला, असं त्याचं म्हणणं. (हे वाक्य आपण पालकभेटीत किती वेळा ऐकलंय!) भांडण इतकं वाढलं की १८२८ मध्ये आईने बाराव्या वर्षी त्याला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून पाठवलं.

पोरगा मोठा खटपट्या. जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ बघून बघून दोरीवर चालायला शिकला. वाडीतली मुलं जमवून खेळ करून दाखवायचा आणि मधेच थांबवून त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घ्यायचा. पुढे एका म्हाताऱ्या धर्मगुरूने त्याला लॅटिन शिकवायला घेतलं, पण वर्षभरातच ते वारले. १८३१ मध्ये किएरी गावच्या शाळेत दाखल झाला तेव्हा वय सोळा, आणि बाकावर शेजारी बसलेली मुलं कितीतरी लहान. खालचे वर्ग त्याने दोन-दोन महिन्यांत ओलांडले. शिक्षण चालावं म्हणून त्या वर्षांत शिंप्याकडे, लोहाराकडे, कॉफीच्या दुकानात अशी मिळतील ती कामं केली. आपल्याकडे वयानुरूप प्रवेश दिलेलं मूल वर्गात अवघडून बसलेलं असतं. त्या मुलाला सांगण्यासारखा हा भाग आहे.

१८४१ च्या जूनमध्ये ते धर्मगुरू झाले आणि तुरिनच्या तुरुंगांत जाऊ लागले. तिथे बारा ते अठरा वर्षांची मुलं सुटायची आणि पुन्हा आत यायची. डोंगराळ भागातून कामासाठी आलेली ही पोरं. कुणी गवंड्याच्या हाताखाली, कुणी धुराडी साफ करणारा. दिवाळीनंतर आपल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात आणि पटावर नाव असूनही बाक रिकामं होतं. तुरिनची पोरं वेगळ्या देशातली, पण गत हीच.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला चर्चमध्ये बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा गवंडीकाम करणारा पोरगा आडोशाला आला. चर्चच्या सेवकाने त्याला मारून हाकललं. डॉन बॉस्कोंनी परत बोलावून घेतलं. आईबाप नाहीत, लिहिता-वाचता येत नाही, हे विचारून झालं. मग त्यांनी विचारलं ते शिट्टी वाजवता येते का! पोरगा हसला आणि शिकवणं सुरू झालं. पुढच्या रविवारी तो आणखी मुलं घेऊन आला.

गोंगाटामुळे जागामालक हाकलायचे, पोलिसांना संशय यायचा. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात एक शेड भाड्याने मिळाली. त्याच वर्षी आईही गाव सोडून मदतीला आली आणि शेवटपर्यंत त्या पोरांची आई झाली. रात्रीचे वर्ग चालू झाले. तिथे १८५० पासून मीटर-किलोची नवी मापं लागू व्हायची होती. त्याआधीच डॉन बॉस्कोंनी मुलांसाठी सोप्या भाषेत पुस्तिका लिहिली, मुलांकडून त्यावर संवादही करवून घेतले. गणित नाटकातून शिकवायचा प्रयोग आपण नवा समजतो!

मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते त्यांचे करारनामे. मुलगा कामाला ठेवायचा तर मालकाबरोबर लेखी करार. १८५२ चा एका सुताराबरोबरचा करार आजही आहे. मालकाने कसब खरंच शिकवायचं, चूक झाली तर तोंडाने सांगायचं, मारायचं नाही, रविवारची सुट्टी आणि वर्षाला पंधरा दिवस रजा द्यायची, पगार वाढत जायचा. तरीही बाहेरच्या कारखान्यांत पोरं पिळली जात. मग १८५३ पासून कार्यशाळा घरातच आणल्या. आधी शिवणकाम आणि चांभारकाम, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई, लोहारकाम. त्याच आवारात दुसरी मुलं लॅटिन शिकत होती. विद्यार्थी आणि कारागीर असे विभाग मात्र तिथेही वेगळेच राहिले, हे सांगायला हवं. 'आयटीआय म्हणजे नापासांसाठी' असं म्हणणाऱ्या आपल्या पालकांना नुसता दोष देऊन चालणार नाही. ही भिंत फार जुनी आहे.

१८५४ ला तुरिनमध्ये कॉलरा आला तेव्हा त्यांची मोठी मुलं रुग्णांच्या सेवेला गेली. आपली शिकवण्याची पद्धत त्यांनी १८७७ मध्ये थोडक्यात लिहून ठेवली. समजावून सांगणं, श्रद्धा आणि माया या तीन गोष्टी. चूक झाल्यावर शिक्षा करण्याऐवजी चूक होण्याआधी शिक्षक मुलांमध्ये हवा, मैदानावरसुद्धा. साठ-सत्तर पोरांच्या वर्गात हे अवघड जातं, पण मधल्या सुट्टीत स्टाफरूममधून बाहेर पडणं तर जमतं.

१८५९ मध्ये त्यांनी सेलेशियन संस्था उभी केली. ३१ जानेवारी १८८८ ला ते वारले, १९३४ मध्ये संतपद मिळालं. त्यांची माणसं १९०६ मध्ये तंजावरला आली, १९२८ मध्ये मुंबईत. माटुंग्याच्या हायस्कूलसोबत कुर्ल्याला तांत्रिक शिक्षण सुरू झालं. आणि माटुंग्याच्या शाळेपासून जवळच, वडाळ्याला, रस्त्यावरच्या मुलांसाठी 'शेल्टर डॉन बॉस्को' १९८७ मध्ये उघडलं.