बालगंधर्वांची साडी आणि आईचा शर्ट

खर्डा म्हटले की १७९५ सालची लढाई आठवते. मराठ्यांनी निजामाला नमवले ते आमच्याच शिवारात. त्यामुळे लहानपणापासून कानावर पडलेले थोर पुरुष सगळे ढालतलवारवाले. मी आज ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांनी महाराष्ट्र जिंकला तो मात्र साडी नेसून! ते म्हणजे नटसम्राट बालगंधर्व.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानग्या नारायणाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटले आणि ते नाव जन्मभर चिकटले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतला म्हणून प्रेक्षकांपुढे आले. घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर येणे तेव्हा निषिद्ध होते, म्हणून स्त्रीभूमिका पुरुषच करीत. त्यांच्या आधी भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा गाजली होतीच.

१२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची चिमुकली मुलगी वारली. तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले, गायले. भरजरी पदराखाली एका बापाचे काळीज कसे तुटत असेल, याची कल्पनाच करवत नाही.

१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१६ मध्ये 'स्वयंवर'मधील रुक्मिणी, १९१९ मध्ये 'एकच प्याला'मधील सिंधू. लोक नाटक पाहून घरी जात, पण डोळ्यांपुढून ती साडी हलत नसे. त्यांची नेसण, पदर घेण्याची ढब, केशरचना, केसांतली फुले हे सारे पाहून घराघरांतल्या स्त्रिया तसेच नटू लागल्या. गंमत पाहा, बाईने कसे दिसावे याचा धडा महाराष्ट्रातल्या बायकांनी एका पुरुषाकडून घेतला!

हे वाचताना मला आजीचे नऊवारी लुगडे आठवले. लुगडे काय नि धोतर काय, दोन्ही बिनशिवलेली. दोन्हींना निऱ्या, दोन्हींचा काष्टा मागे खोचायचा. मग बाईचे कापड कोणते आणि पुरुषाचे कोणते, ही रेघ मुळात कोणी ओढली?

माझी आई खुरपायला जाते तेव्हा साडीवर वडिलांचा जुना फुल शर्ट घालते. ज्वारीची पाती हाताला कापत नाहीत, ऊन लागत नाही. आमच्याकडच्या सगळ्याच बाया असा शर्ट घालतात. शेतात त्याला कोणी हसत नाही. पण मी कॉलेजात नाव घालायला आले त्या दिवशी आई रानातून तशीच एस.टी.त बसून आली होती. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. फाटकापाशी मी तिला हळूच म्हणाले, आई, तेवढा शर्ट काढून ठेव. तिने मुकाट्याने काढला, घडी करून पिशवीत ठेवला आणि दंडाशी उसवलेले पोलके झाकायला पदर ओढून घेतला. मी स्वतः त्या दिवशी नवी जीन्स घातली होती.

बालगंधर्वांचे पुढचे आयुष्य सुखाचे नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर त्यांनी 'संयुक्त मानापमान' केले, तो वैभवाचा कळस. पण नेपथ्य आणि पोशाख यांवर त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला, कर्ज वाढले. बोलपट आले. स्वतः स्त्रियाच रंगभूमीवर येऊ लागल्या. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथ झाले, पण त्यांचा जीव रंगभूमीतच होता, तिथेच ते परतले. उतारवयात पाय अधू झाले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १५ जुलै १९६७ रोजी हा गंधर्व निघून गेला. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले.

आज मुली शर्ट-पँट घालतात, त्याचे कुणाला नवल वाटत नाही. पण एखाद्या मुलाने गॅदरिंगमध्ये साडी नेसली की मागच्या बाकांवरून शिट्ट्या येतात. ज्या महाराष्ट्राने नारायणरावांच्या साडीला डोक्यावर घेतले, तो हाच ना? बालगंधर्वांनी साडी नेसली ती कलेसाठी, आई शर्ट घालते ती पोटासाठी. एकाला टाळ्या मिळाल्या. दुसरीला तिच्याच मुलीने फाटकाशी थांबवले.

यंदा बक्षीस समारंभाला आई येणार आहे. ती रानातून तशीच आली, तर त्या शर्टासकट मी तिला पहिल्या रांगेत बसवीन.