कलामहर्षी बाबूराव पेंटर

विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूर हे कलावंतांचे माहेरघर होते. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत या नगरीत मल्लांना, गवयांना, नटांना आणि चित्रकारांना आश्रय मिळत असे. अशा या कलानगरीत ३ जून १८९० रोजी बाबूरावांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. घराणे कारागिरांचे असल्यामुळे हत्यारे, रंग आणि लाकूड यांची ओळख त्यांना पाटीपेन्सिलीइतकीच लवकर झाली. कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता, केवळ पाहून, करून आणि चुका सुधारून त्यांनी चित्रकला व शिल्पकला आत्मसात केली.

त्यांच्या नात्यातील बंधू आनंदराव हेही असेच कुशल चित्रकार होते. दोघांची आवड एक आणि ध्यासही एक. त्या काळी महाराष्ट्रात संगीत नाटकांचा मोठा बहर होता. नाटक मंडळ्यांना राजवाडे, अरण्ये व नगरातील रस्ते दाखविणारे रंगवलेले पडदे लागत. सपाट कापडावर खोलीचा भास निर्माण करण्यात या दोघा बंधूंचा हातखंडा होता. त्यामुळे दूरदूरच्या मंडळ्या त्यांच्याकडून पडदे रंगवून घेऊ लागल्या. या कामामुळेच लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट प्रकाशित झाला. हा चित्रपट पाहून आनंदराव व बाबूराव भारावून गेले. ज्या दृश्यांचा भास आपण रंगांनी घडवितो, ती दृश्ये येथे हालत होती, चालत होती! असे चित्र आपणही काढावे, या विचाराने त्यांना झपाटले. परंतु त्यासाठी लागणारा कॅमेरा परदेशातून येई आणि त्याची किंमत सामान्य कलावंताच्या आवाक्याबाहेरची होती. दुसरा एखादा माणूस तेथेच निराश झाला असता. या बंधूंनी मात्र कॅमेरा स्वतःच घडविण्याचे ठरविले.

त्यांनी प्रथम चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यामुळे पडद्यावर चित्रे टाकणारे यंत्र त्यांच्या हाती आले. चित्र दाखविणाऱ्या यंत्रात प्रकाश आतून बाहेर जातो, तर चित्र घेणाऱ्या यंत्रात तो बाहेरून आत येतो. फीत पुढे सरकविण्याचे तत्त्व मात्र दोहोंत सारखेच असते. म्हणून त्या यंत्राचा बारकाईने अभ्यास करून त्यांनी आपल्या कामास आरंभ केला.

हे काम किती अवघड होते, हे समजण्यासाठी चित्रपटाच्या कॅमेऱ्याची रचना ध्यानी घेतली पाहिजे. साध्या कॅमेऱ्याने एका वेळी एकच छायाचित्र घ्यावयाचे असते. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात मात्र फितीवर एका सेकंदात सुमारे सोळा छायाचित्रे उमटवावी लागत. फितीच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात. यंत्रातील अंकुश त्या छिद्रांत शिरून फीत एका चित्राएवढी खाली ओढतो. नंतर फीत क्षणभर अगदी स्थिर राहिली पाहिजे, आणि नेमक्या त्याच क्षणी भिंगामागील झडप उघडून प्रकाश आत आला पाहिजे. झडप उघडी असताना फीत किंचित जरी हालली, तरी चित्र पुसट होते. फीत दर वेळी सारख्याच अंतराने सरकली नाही, तर पडद्यावर चित्र नाचू लागते. शिवाय हे सारे यंत्र हाताने मूठ फिरवून चालवावयाचे असे. त्यातील प्रत्येक चक्र आणि प्रत्येक दाता अचूक असणे अगत्याचे होते.

दिवसभराची कामे सांभाळून दोघे बंधू या खटाटोपात गुंतले होते. परंतु १९१६ साली आनंदरावांचे अकाली निधन झाले आणि कॅमेरा अपुराच राहिला. बाबूरावांचा जणू उजवा हातच गेला. ज्याच्याबरोबर स्वप्न पाहिले, तोच सोबती नाहीसा झाला होता. त्या वेळी त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. अर्धवट राहिलेले यंत्र बाजूला सारून पुन्हा पडदे रंगवीत बसणे सोपे होते. तथापि बाबूरावांनी धीर सोडला नाही. भावाचे अपुरे कार्य पुरे करणे हेच त्यांनी आपले कर्तव्य मानले.

या कामी विष्णुपंत दामले हे त्यांचे शिष्य मदतीस आले. गुरुशिष्यांनी मिळून खटपट चालूच ठेवली आणि अखेर १९१८ साली कॅमेरा तयार झाला. कोल्हापुरात, कारागिरांच्या हातांनी घडविलेल्या त्या यंत्राने चित्रे टिपली! गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि बाबूरावांची ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली.

१९२० साली कंपनीचा ‘सैरंध्री’ हा पहिला मूकपट पुण्यात प्रकाशित झाला. त्या काळी चित्रपटात काम करणे कुलीन स्त्रिया कमीपणाचे मानीत. म्हणून पुरुषच स्त्रियांच्या भूमिका करीत. बाबूरावांनी मात्र ‘सैरंध्री’तील स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. हा चित्रपट पाहून लोकमान्य टिळक प्रसन्न झाले आणि त्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले.

यशाने बाबूराव संतुष्ट होऊन बसले नाहीत. चित्रीकरणापूर्वी ते प्रत्येक दृश्याची रेखाचित्रे काढीत. पात्रांचा पोशाख व हालचाल आधी कागदावर ठरवीत. आश्चर्याची गोष्ट अशी की, ज्या रंगीत पडद्यांनी त्यांना नाव मिळवून दिले, तेच पडदे त्यांनी चित्रपटातून दूर केले. रंगभूमीवर शोभणारा पडदा कॅमेऱ्याच्या डोळ्याला खोटा दिसतो, हे त्यांनी ओळखले आणि त्या जागी खऱ्यासारखी घरे, भिंती व दालने उभारली. ‘सिंहगड’ या १९२३ सालच्या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने चित्रण केले. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ हा चित्रपट काढला. सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून मुंबईच्या गिरणीत राबावे लागणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा होती. देवदेवतांच्या व राजेरजवाड्यांच्या कथा पाहणाऱ्या प्रेक्षकांना त्यांनी आपल्याच शेजारच्या माणसाचे दुःख पडद्यावर दाखविले.

बाबूरावांजवळ जी विद्या होती, ती त्यांनी कधी कुलुपात ठेवली नाही. त्यांच्या कंपनीत प्रकाश कसा साधावा, फीत कशी धुवावी, दृश्य कसे मांडावे, हे तरुण मंडळी प्रत्यक्ष कामातून शिकत. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि व्ही. शांताराम हे त्यांचेच शिष्य होत. या शिष्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. पुढे दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात गौरव झाला.

आयुष्याच्या उत्तरार्धात बाबूराव पुन्हा आपल्या आवडत्या चित्रकलेत आणि शिल्पकलेत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. कृतज्ञ महाराष्ट्र त्यांना ‘कलामहर्षी’ म्हणून ओळखतो.

साधने नाहीत म्हणून बाबूराव थांबले नाहीत. त्यांनी साधनेच घडविली. सोबती गेला म्हणून त्यांनी काम टाकले नाही. त्याच्या वाट्याचे कामही आपल्या शिरावर घेतले. आणि जे साधले, ते पुढच्यांच्या हाती मोकळ्या मनाने सोपविले. दोन भावांच्या ध्यासातून जन्मलेल्या त्या कॅमेऱ्याने मराठी चित्रपटाला दृष्टी दिली, ती अशी.