विश्लेषण : कापलेले नाक पुण्यात पुन्हा कसे बसवले? कावसजीच्या कथेचा आजच्या गुडघ्यांशी संबंध काय?

महामार्गावर दुचाकी घसरते, विरार लोकल पकडताना पाय मुरगळतो आणि गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, लवचीक आवरण, दुखावते. मोडलेले हाड सहसा सांधते, पण कूर्चा आपणहून पूर्ववत होणे कठीण असते. म्हणूनच रुग्णाच्याच पेशी वाढवून ही हानी भरून काढण्याच्या उपचारांची चर्चा वाढली आहे. शरीराचाच जिवंत भाग वापरून शरीर दुरुस्त करण्याचे कौशल्य पुण्याजवळच्या एका कारागिराने सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवले होते. त्याचा रुग्ण होता कावसजी.

कावसजी कोण होता?

नावावरून पारशी वाटला तरी तत्कालीन वृत्तांतात त्याची नोंद मराठा शेतकरी अशी आहे. १७९० ते १७९२ या काळात इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र येऊन टिपू सुलतानाशी लढत होते. वसईही त्या वेळी पेशव्यांच्याच ताब्यात होती. कावसजी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याचे काम करत होता. तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला, असे वृत्तांत सांगतो. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला निवृत्तिवेतन दिले.

पोटापाण्याची सोय झाली, पण चेहऱ्याचे काय? नाक जाणे म्हणजे अब्रू जाणे, असे मानणाऱ्या समाजात तो वर्षभराहून अधिक काळ नाकाविना वावरला.

शस्त्रक्रिया कशी झाली?

१७९३ मध्ये पुण्याजवळ वीटभट्टीचे काम करणाऱ्या समाजातील एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. आधी उरलेल्या नाकावर मेणाचा पातळ साचा बसवून माप घेतले. तो साचा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याभोवती रेघ आखली. तेवढी कातडी सोलून काढली, मात्र दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवली. मग कातडी पिळा देऊन खाली वळवली आणि जुन्या नाकाच्या कडेने घेतलेल्या छेदात तिच्या कडा बसवल्या. टाके न घालता पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावले. नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून दहाव्या दिवशी त्यांत मऊ कापडाच्या सुरळ्या घातल्या. जोडपट्टी सुमारे २५ व्या दिवशी कापली.

यशाचे मर्म काय होते?

ती चिंचोळी पट्टी. तिच्यातून रक्त येत राहिल्याने कपाळाची कातडी नव्या जागी रुजेपर्यंत जिवंत राहिली. सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची कातडी घेण्याचे वर्णन आहे. इथे कपाळाची वापरली गेली. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी ही पद्धत प्रत्यक्ष पाहिली. जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचे चित्र काढण्यात आले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत छापून आली. त्यात रुग्णाचे नाव आहे, शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाही.

पुढे काय झाले?

३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने पेशवे कंपनीच्या अंकित झाले. पण पुण्याची ही विद्या त्या सुमारास लंडनमध्ये अभ्यासली जात होती. जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये तिचा प्रयोग केला आणि १८१६ मध्ये दोन रुग्णांवरील अनुभवाचे पुस्तक प्रसिद्ध केले. युरोपात ती 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखली गेली. कपाळाची कातडी वळवून नाक घडवण्याचे तंत्र आजही वापरात आहे.

मग कूर्चेचे काय?

कावसजीला कातडी मिळाली, नाकाला आकार देणारी कूर्चा नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिची भरपाई अवघड. ऑक्टोबर १९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी २३ रुग्णांचा अनुभव मांडला. प्रत्येकाच्या गुडघ्याच्या निरोगी भागातून कूर्चेच्या पेशी घेऊन, प्रयोगशाळेत वाढवून, त्या दुखावलेल्या जागी सोडल्या होत्या. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या चमूने त्वचेच्या कर्करोगामुळे नाकाचा भाग काढावा लागलेल्या पाच रुग्णांना त्यांच्याच नाकातील पेशींपासून वाढवलेली कूर्चा बसवली. २०१६ मध्ये त्याच चमूने नाकातील पेशींपासून केलेली कूर्चा दहा जणांच्या गुडघ्यात बसवल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे प्रयोग छोटे आणि प्राथमिक टप्प्यातले होते.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

पेशींचा उपचार प्रामुख्याने इजेमुळे कूर्चेला पडलेल्या मर्यादित खड्ड्यासाठी असतो. वयोमानाने संपूर्ण सांधा झिजला असेल तर तो सहसा उपयोगी ठरत नाही. त्यामुळे हानी किती मोठी आहे, पेशी कुठून घेणार आणि उपचाराला मान्यता आहे की तो अजून चाचणीत आहे, हे तीन प्रश्न डॉक्टरांना आधी विचारावेत. प्रत्येक दुरुस्तीला मर्यादा असते. कावसजीचे नाक परत आले, त्याचा हात मात्र कुणालाच परत देता आला नाही.